माहितीची पारख



घरांतील शाळकरी मुलानें एखादें विधान केलें आणि "हें तुला कोणीं सांगितलें?" असें आपण विचारलें, तर पूर्वी त्याचें उत्तर ठरलेलें असे. "पुस्तकांत आहे" किंवा "गुरुजींनीं सांगितलें", या दोन उत्तरांपलीकडे त्याला जावें लागत नसे. घरांत पुस्तकें थोडीं, गांवांत ग्रंथालय असलेंच तर एक, आणि वृत्तपत्र दिवसांतून एकदां येई. माहितीचा दुष्काळ होता, आणि ती दुर्मिळ वस्तु मुलाच्या पदरांत टाकणें हें शाळेचें मुख्य काम होतें. आज तेंच मूल मोबाईलकडे बोट दाखवितें. दुष्काळ संपून महापूर आला आहे. आणि पुरानें वेढलेल्या माणसाला पाण्याची वाण नसली तरी पिण्याजोग्या पाण्याची असते.

या बदललेल्या परिस्थितींत विद्यार्थ्याला माहितीची पारख करण्यास कसें शिकवावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें चिकित्सक विचारशक्तीच्या जोपासनेवर भर दिला आहे, आणि या ध्येयाविषयीं फारसा मतभेद असेल असें वाटत नाहीं. मतभेद आहे तो मार्गाविषयीं. मुलांना शंका घ्यावयास शिकविलें म्हणजे काम झालें, अशी पुष्कळांची समजूत आहे. माझें म्हणणें थोडें निराळें आहे. शंका हा पारखीचा आरंभ होय. तिचा शेवट विश्वासांत व्हावयास हवा. कोणावर, कोणत्या कारणास्तव आणि किती विश्वास ठेवावा, हें ज्याला ठरवितां येतें त्याचीच बुद्धि चिकित्सक झाली असें म्हणतां येईल.

या शिक्षणाचा अभाव किती महाग पडतो, याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, पांच निरपराध माणसांना जमावानें ठार मारलें. हे पांचही जण भिक्षेवर उदरनिर्वाह करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशा अर्थाचे निरोप त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून हातोहात पसरत होते, आणि अनोळखी चेहरे दिसतांच त्या निरोपांनीं संशयाला आकार दिला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्या जमावापाशीं शंकेची उणीव नव्हती. शंका भरपूर होती. पण ती समोरच्या माणसांविषयीं होती, हातांतल्या निरोपाविषयीं नव्हती. ज्यांना विचारून, ज्यांची ओळख पटवून खरें काय तें कळलें असतें, त्यांच्यावर अविश्वास, आणि ज्याचा कर्ता कोण हें कोणालाच ठाऊक नाहीं त्या मजकुरावर मात्र संपूर्ण विश्वास, असा हा उलटा न्याय होता.

अफवा मोबाईलबरोबर जन्माला आली असें कोणी समजूं नये. बोकड खांद्यावर घेऊन चाललेला ब्राह्मण आणि वाटेंत थोड्याथोड्या अंतरावर उभे राहिलेले तीन ठग, ही पंचतंत्रांतील व हितोपदेशांतील गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. पहिला ठग म्हणतो, महाराज, कुत्रें खांद्यावर कां घेतलें? दुसरा तेंच म्हणतो, तिसराही तेंच म्हणतो, आणि ब्राह्मण आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून बोकड टाकून देतो. या गोष्टीचें तात्पर्य "ठगांपासून सावध असावें" एवढेंच सांगून आपण थांबतों. परंतु शिक्षणाच्या दृष्टीनें तिच्यांत दोन धडे दडलेले आहेत. पहिला असा कीं, तेंच विधान पुनःपुन्हां कानांवर पडलें म्हणजे तें खरें वाटूं लागतें. १९७७ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोगानें हेंच दाखविलें, आणि त्यानंतरच्या अनेक प्रयोगांत त्याला दुजोरा मिळाला आहे. दुसरा धडा साक्षींच्या मोजणीचा. ब्राह्मणाला वाटलें कीं आपणांस तीन साक्षीदार भेटले. वस्तुतः साक्ष एकच होती, तोंडें तीन होतीं. एकच निरोप मामांकडून, शेजाऱ्यांकडून आणि जुन्या वर्गमित्राकडून आला, तर तो तीन ठिकाणांहून आला असें होत नाहीं. हे तिघे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत काय, हा प्रश्न विचारण्यास मूल शिकलें म्हणजे तें त्या ब्राह्मणापेक्षां शहाणें झालें.

हें शिक्षण शाळेंत देण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेंत पूर्वीं होऊन गेला. १९३७ सालीं न्यूयॉर्क येथें प्रचाराचें विश्लेषण करणारी एक संस्था स्थापन झाली. कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयांतील क्लाइड मिलर हे तिचे प्रवर्तक, आणि बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन यांनीं तिला द्रव्यसाहाय्य केलें. त्या काळीं युरोपांत हुकूमशाही राजवटी नभोवाणीचा उपयोग हत्याराप्रमाणें करीत होत्या. या संस्थेनें प्रचारकांच्या सात युक्त्या निवडून त्यांना सोपीं नांवें दिलीं. प्रतिपक्षाला शिवीवजा नांव चिकटविणें, गोंडस पण पोकळ शब्द वापरणें, पूज्य वस्तूचें तेज आपल्या पक्षाकडे ओढणें, प्रसिद्ध माणसाची शिफारस जोडणें, आपण साधे लोकांतलेच आहोंत असा आव आणणें, सोयीचा तेवढाच पुरावा पुढें मांडणें, आणि "सर्वजण आमच्या बाजूस आले, तुम्हीच मागें राहिलां" असें भासविणें, अशा त्या सात युक्त्या होत. अनेक शाळांतून मुलें वृत्तपत्रें व भाषणें घेऊन या युक्त्या हुडकूं लागलीं. अमेरिका युद्धांत उतरल्यावर १९४२ सालीं संस्थेचें काम थांबलें, कारण स्वपक्षाच्या आणि शत्रुपक्षाच्या प्रचाराची सारख्याच निष्पक्षपातीपणानें चिरफाड करणें युद्धकाळांत कठीण झालें होतें.

या प्रयत्नाचें मोल मोठें आहे. त्या सात युक्त्यांची यादी आजही उपयोगी पडते. परंतु त्याच वेळीं कांहीं शिक्षणतज्ज्ञांनीं एक धोका दाखविला होता. मुलें युक्ती ओळखण्यांत पटाईत झालीं, पण प्रत्येक ठिकाणीं युक्तीच दिसूं लागली, तर त्यांचा कशावरच विश्वास बसणार नाहीं. खोट्या बातमीला जो फसतो त्याची हानि होते हें खरें. परंतु "सगळेच खोटें बोलतात" असें म्हणून जो खऱ्या वैद्याचें, खऱ्या शास्त्रज्ञाचें आणि खऱ्या बातमीदाराचेंही ऐकत नाहीं, त्याची हानि कमी होत नाहीं. असा मनुष्य स्वतःला चिकित्सक म्हणवितो आणि अखेरीस ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागें जातो.

आपल्या पूर्वसूरींना हा भेद चांगला ठाऊक होता. न्यायशास्त्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य ठरविण्यासाठीं होतो तो वाद; जिंकण्यासाठीं होतो तो जल्प; आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचें खंडन करीत राहणें ही वितंडा. चिकित्सक बुद्धीच्या नांवाखालीं आपण मुलांना वाद शिकवितों कीं वितंडा, हें शिक्षकानें आधीं स्वतःशीं ठरवावें.

त्याच शास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला "शब्द" हेंही प्रमाण मानलें आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपणांस ज्ञान होतें, हें त्यानें उघडपणें मान्य केलें. अट एवढीच कीं सांगणारा "आप्त" असला पाहिजे. हा आप्त म्हणजे नात्यांतला मनुष्य नव्हे. वात्स्यायनाच्या भाष्याचा आशय असा आहे कीं, ज्याला त्या वस्तूचें साक्षात् ज्ञान आहे आणि जसें पाहिलें तसें सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; आणि हें लक्षण ऋषीला, आर्याला व म्लेच्छाला सारखेंच लागू आहे. किती आधुनिक विचार आहे पहा! सांगणाराचें कुळ विचारूं नका, दोन गोष्टी विचारा: याला ठाऊक कसें, आणि खरें सांगण्यांत याचा हेतु शुद्ध आहे काय? औषधाची जाहिरात करणारा नट कदाचित् प्रामाणिक असेल, पण त्याला औषधाचें ज्ञान नाहीं. कारखान्याच्या पगारी तज्ज्ञाला ज्ञान असेल, पण त्याचा हितसंबंध गुंतलेला आहे. दोन्ही कसोट्या लावल्याशिवाय विश्वास टाकूं नये, आणि दोन्हींना उतरल्यावर तो उगाच रोखूंही नये.

आतां प्रश्न असा कीं, इंटरनेटवर ज्याचा चेहराही दिसत नाहीं तो आप्त आहे कीं नाहीं, हें ओळखावें कसें? याविषयीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनीं केलेला अभ्यास फार बोधप्रद आहे. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत दहा इतिहासकार, बातम्यांची सत्यता तपासण्याचा व्यवसाय करणारे दहा तपासनीस आणि त्याच विद्यापीठाचे पंचवीस विद्यार्थी यांना कांहीं संकेतस्थळें पारखण्यास दिलीं होतीं. त्यांतील दोन संस्था बालरोगतज्ज्ञांच्या होत्या. एक १९३० पासूनची, हजारों सभासदांची, आणि दुसरी तिच्यांतून २००२ सालीं फुटून निघालेली, अगदीं लहान. नांवें जवळजवळ सारखीं, पानें दोघींचींही नीटनेटकीं. सर्व तपासनीसांनीं अधिक विश्वसनीय संस्था कोणती तें बिनचूक ओळखलें. विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांना आणि इतिहासकारांपैकींही कित्येकांना तें साधलें नाहीं.

असें कां व्हावें? विद्यार्थी तें पान वरून खालपर्यंत लक्षपूर्वक वाचीत राहिले. मुद्रा, मांडणी, संदर्भांची यादी पाहून त्यांचें समाधान झालें. तपासनीसांनीं तें पान क्षणांत बाजूला ठेवलें आणि त्या संस्थेविषयीं इतर लोक काय म्हणतात हें शोधण्यास ते बाहेर पडले. यांत विलक्षण असें कांहीं नाहीं. मुलीसाठीं स्थळ पाहतांना वराच्या बैठकीच्या खोलींतील गालिचा पाहून आपण निर्णय करीत नाहीं. गांवांतल्या चार जाणत्या माणसांकडे चौकशी करतों. संकेतस्थळाचीही चौकशी गांवांत करावयाची असते. त्या संशोधकांनीं शाळांसाठीं तयार केलेल्या अभ्यासक्रमाचा पायाच तीन प्रश्नांचा आहे: ही माहिती कोणाची, तिला पुरावा काय, आणि इतर जाणकार काय म्हणतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांमुळें हे प्रश्न आतां अधिकच निकडीचे झाले आहेत. हीं यंत्रें सफाईदार भाषा लिहितात. पण भाषेची सफाई हें सत्याचें लक्षण नव्हे. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथील न्यायालयानें दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेला पांच हजार डॉलर दंड केला, कारण त्यांनीं यंत्रानें रचलेले, कधींच न झालेले निवाडे न्यायालयापुढें आधार म्हणून ठेवले होते. ज्यांचा व्यवसायच पुराव्याचा, त्यांची ही गत. मग दहावींतल्या मुलाचें काय होईल याची कल्पना करावी.

हें सर्व शिकवितां येतें काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच देशांतील दोन प्रयोगांनीं दिलें आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास बिहारमध्यें सुमित्रा बद्रीनाथन् या संशोधिकेनें बाराशेंहून अधिक लोकांवर एक प्रयोग केला. घरीं जाऊन सुमारें तासभर खोटी माहिती ओळखण्याचे धडे दिले. परंतु एकंदरींत त्यांच्या ओळखण्याच्या शक्तींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. पुढें त्याच संशोधिकेनें आपल्या सहकाऱ्यांसह बिहारमध्येंच दुसरा प्रयोग केला. त्यांत ५८३ खेड्यांतील तेरा हजारांहून अधिक विद्यार्थी होते, आणि सरकारी ग्रंथालयांतून कित्येक आठवड्यांच्या कालावधींत चार पाठ देण्यांत आले. या वेळीं मुलांना खरें-खोटें अधिक चांगलें ओळखतां येऊं लागलें. चार महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. आणि विशेष म्हणजे, ज्यांना कोणीं शिकविलें नव्हतें त्या आईबापांच्या समजुतींतही सुधारणा दिसून आली. केरळांतील कन्नूर जिल्ह्यांत २०१८ सालीं जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकारानें सुमारें १५० सरकारी शाळांत असेच वर्ग घेण्यांत आले होते. लशीविषयींच्या अफवांमुळें तेथें लसीकरणाला अडथळा आला होता. या प्रयोगांवरून दिसतें तें असें कीं, एका तासाच्या व्याख्यानानें संवय बदलत नाहीं. कोवळ्या वयांत, गुरूच्या देखरेखीखालीं, पुनःपुन्हां केलेल्या सरावानें ती बदलते.

म्हणूनच यासाठीं वेळापत्रकांत आणखी एका विषयाची भर घालावी, असें मला वाटत नाहीं. चालू विषयांतच हा सराव व्हावा. मराठीच्या तासाला आपण मुलांकडून वाक्यपृथक्करण करून घेतों. तेंच एकदां बातमीच्या वाक्यावर करून पहावें. "अमुक पाल्यानें मधुमेह बरा होतो असें सिद्ध झालें आहे." या वाक्यांत सिद्ध करणारा कर्ता कोठें आहे? "असें म्हणतात", "असें सांगितलें जातें", "तज्ज्ञांचें मत आहे", या सर्व रचनांत कर्ता पडद्याआड गेलेला असतो. हरवलेला कर्ता शोधण्याची गोडी मुलाला लागली, म्हणजे व्याकरणाच्या रुक्ष तासाला जीव येईल.

इतिहासाच्या तासाला तर ही शिस्त महाराष्ट्रांत परकी नाहींच. राजवाड्यांनीं १८९८ पासून "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" खंडशः प्रसिद्ध केलीं, ती अस्सल कागदाचा आणि मागाहून लिहिलेल्या हकीकतीचा भेद लोकांच्या मनावर ठसावा म्हणूनच. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दहा वर्षांहून अधिक काळानें, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजी येथें लिहिली गेली, एवढें मुलाला सांगितलें तरी त्याला कोणीं, केव्हां, कोणासाठीं लिहिलें हे प्रश्न सुचूं लागतील. त्यानें बखरीची थोरवी कमी होत नाहीं. ती कशी वाचावी हें कळतें.

गणितांत मुलाला विचारावें: "रोग दुपटीनें वाढला" ही बातमी एकाचे दोन झाले म्हणून आहे कीं हजाराचे दोन हजार झाले म्हणून? विज्ञानांत विचारावें: अमुक पेय घेऊन मुलांची उंची वाढली असें जाहिरात म्हणते, तें पेय न घेणाऱ्या मुलांची उंची त्याच काळांत किती वाढली? अशा प्रश्नांना खर्च नाहीं आणि साहित्यही लागत नाहीं. लागते ती परीक्षेंत थोडी जागा. "दिलेल्या पुराव्यावरून निश्चित सांगतां येत नाहीं" हें उत्तर जेथें बरोबर असेल, तेथें त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. मार्गदर्शिकेंतील तयार उत्तर पाठ करणाऱ्यालाच जोंवर सर्व गुण मिळतात, तोंवर चिकित्सेचीं व्याख्यानें व्यर्थ आहेत.

शिक्षकांनींही आपल्या आवडत्या दाखल्यांना ही कसोटी लावावी. जनतेच्या भोळेपणाचें उदाहरण म्हणून ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्रींची गोष्ट नेहमीं सांगितली जाते. मंगळावरील प्राण्यांनीं पृथ्वीवर स्वारी केली, असें नभोनाट्य ऑर्सन वेल्स यांनीं अमेरिकेंत सादर केलें आणि सारा देश भयभीत होऊन रस्त्यावर आला, अशी ती कथा. परंतु त्या रात्रीं केलेल्या श्रोतृगणनेंत तें नाट्य ऐकणारे शेंकडा सुमारें दोनच आढळले होते. कांहीं लोक घाबरले हें खरें. पण देशव्यापी घबराटीचें चित्र मुख्यतः दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांनीं रंगविलें, आणि नभोवाणी ही त्या वेळीं वृत्तपत्रांच्या जाहिरातींचें उत्पन्न हिरावून घेणारी प्रतिस्पर्धी होती. भोळेपणाची कथा सांगणारेच ती भोळेपणानें सांगत आले, असा हा प्रकार आहे.

शेवटीं घराविषयीं दोन शब्द. शाळेंत शिकलेलें मूल घरीं येऊन "कशावरून?" असें विचारील, तेव्हां त्याला उद्धट ठरवूं नये. त्याचबरोबर वडील माणसांचा मान राखून कसें विचारावें हेंही त्याला शिकवावें. "आजोबा, हें खोटें आहे" असें म्हणण्यापेक्षां "आजोबा, हें तुम्हांला कोणीं पाठविलें? आपण दोघे मिळून शोधूं या का?" असें म्हणणारा नातू अधिक यशस्वी होईल, आणि आजोबांनाही तें शोधकार्य आवडेल.

आज रात्रीं जेवणानंतर आपल्या मोबाईलवर आलेला एखादा निरोप घ्यावा, मुलांना जवळ बसवावें आणि मघांचे तीन प्रश्न त्याला लावून पहावे. निरोप खरा निघाला तर खुशाल पुढें पाठवावा. खोटा निघाला तर ज्यांनीं पाठविला त्यांना सौम्य शब्दांत कळवावें. आणि कांहींच ठरलें नाहीं, तर तो तेथेंच थांबवावा; न ठरलेली गोष्ट न ठरलेली म्हणून ठेवतां येणें, हेंही मुलांनीं आपल्याकडे पाहूनच शिकावयाचें आहे.